शेवेच्या पुडीतला प्रोग्रॅम

हरवलेली वस्तू कुठेतरी असतेच, यावर माझ्या मेहुण्यांइतका विश्वास ठेवणारा माणूस ग्वाल्हेरमध्ये दुसरा नाही. चष्म्याचा पडलेला स्क्रू त्यांनी सहा महिन्यांनी शोधून काढला. तोवर चष्मा बदलला होता, तरी स्क्रू त्यांनी जपून ठेवला. मुरार भागातल्या त्यांच्या घरात एक जुना घरगुती संगणक होता. बटणं रबरी, पडद्याच्या जागी टीव्ही, आणि प्रोग्रॅम गाण्यांच्या साध्या कॅसेटवर. प्रोग्रॅम चढवताना टेपरेकॉर्डरमधून पाच मिनिटं कर्कश आवाज निघे. शेजारी खिडक्या लावून घेत आणि मेहुणे डोळे मिटून ऐकत. मध्येच म्हणत, "बिघडलं. परत लावा." ते खरोखरच बिघडलेलं असे. हे त्यांना कसं कळे, ते मला आजही सांगता येणार नाही.

या यंत्रावर त्यांनी आणि कचेरीतल्या सक्सेनाजींनी चार वर्षं, दर रविवारी सकाळी दहाला बसून, एक खेळ लिहिला. ग्वाल्हेरची नॅरोगेज गाडी श्योपूरला पोचवायची. रुळांवर शेळ्या, डब्यांच्या छपरावर माणसं. कॅसेट एकच होती. मग राज्याचे दोन भाग झाले, कर्मचारी वाटले गेले आणि सक्सेनाजींच्या वाट्याला रायपूर आलं. निघायला तीन आठवडे होते. खेळ दोघांचा, तेव्हा प्रत दोघांकडे हवी, एवढंच मेहुण्यांचं म्हणणं होतं. दोन टेपरेकॉर्डर जोडून उतरवलेली प्रत संगणक वाचेना. खेळ वाचून नव्याने कॅसेटवर लिहिणारा खास प्रोग्रॅम हवा होता. सिटी सेंटरमधला दुकानदार म्हणाला, "अंकलजी, इसे म्यूज़ियम में दे दीजिए." मेहुणे म्हणाले, "दे देंगे. पहले कॉपी."

शेवटी पडाव भागातल्या एका रद्दीवाल्याकडे एक जुनं संगणक मासिक सापडलं. त्यात तो प्रोग्रॅम छापलेला होता, हाताने टाइप करून घ्यायचा. पण दोन पानांपैकी एकच शिल्लक होतं. बाकीची पानं मुरारच्या फरसाणवाल्याकडे पुड्या बांधायला गेली होती. मेहुणे रोज तिथून पाच-सहा पुड्या आणू लागले. ताई म्हणाली, "स्वयंपाक बंद. शेव खा आणि शोधा." आठव्या दिवशी पान आलं. तेलाने कागद इतका पारदर्शक झाला होता की मागचा मजकूरही उलटा दिसे. पहिल्यांदा त्यांनी दोन्ही बाजू मिसळून टाइप केल्या. दुसऱ्यांदा वीज गेली आणि सगळं पुसलं. तिसऱ्यांदा प्रोग्रॅम चालला आणि प्रत उतरली, ती सक्सेनाजी निघण्याच्या आदल्या दिवशी.

स्टेशनवर त्यांनी मूळ कॅसेट सक्सेनाजींच्या हातात ठेवली.

"असली आप रखिए, भाईसाहब. मशीन तो आपके पास है."

"इसीलिए," मेहुणे म्हणाले. "मेरे पास मशीन है, नक़ल चल जाएगी. आपके पास तो यही है."

रायपुरात तसं यंत्र मिळालं नाही. पण पुढे कित्येक वर्षं रविवारी दहाला मेहुण्यांचा फोन वाजे. पलीकडे सक्सेनाजी साध्या टेपरेकॉर्डरवर ती कॅसेट लावून रिसीव्हर जवळ धरत. हालहवाल नाही, नमस्कार नाही, पाच मिनिटं नुसता तो कर्कश आवाज. मेहुणे डोळे मिटून ऐकत.

ती नॅरोगेज गाडी आता बंद झाली आहे, फोनही येत नाही. पण आवाज थांबल्यावर मेहुणे जे म्हणत, ते मी अनेकदा ऐकलं आहे.

"श्योपुर पहुँच गई, सक्सेनाजी. एक भी ग़लती नहीं."