नानांच्या रुमालाची चिंधी

भिका नाना गेल्याचा फोन त्यांच्या मुलानं सकाळी केला, तेव्हा मी त्याला आधी विचारलं, "नक्की ना?" असं कुणी विचारतं का! पण त्याला राग आला नाही. वडील कसे होते हे त्याला ठाऊक होतं. आमच्या शेतीच्या पहिल्याच वर्षी नानांनी "तब्येत बरी नही" असा निरोप धाडला होता. त्या दिवशी आम्ही दोघंच वांग्यांना पाणी भरत होतो, तर पलीकडच्या निंबाआड पांढरी टोपी हलताना शुभदाला दिसली. आजारी माणूस आम्ही काम करतो की नाही ते बघायला आला होता. त्यामुळे फोन ठेवल्यावरही मी निंबाकडे पाहिलं... तिथे कुणी नव्हतं.

मी आणि माझी बायको शुभदा पुण्यातल्या नोकऱ्या सोडून चोपड्याजवळ माझ्या आजोळच्या जमिनीवर आलो. विषारी फवारे न मारता भरताची वांगी पिकवायची आणि दर रविवारी जळगावात घरोघरी पोचवायची, एवढाच आमचा धंदा. तो शिकवायला शेजारच्या गावचे नाना आपणहून आले. बदल्यात काही मागितलं नाही, म्हणून मला पहिल्या दिवसापासून शंका. सासऱ्यांनी फुकट दिलेलं घड्याळसुद्धा मी दुकानात नेऊन तपासलं होतं, तर परक्या माणसाचं काय! याचा डोळा आमच्या विहिरीवर असणार, असं मी शुभदाला सांगत असे. ती म्हणायची, "अरे, ते तुझ्यावर तुझ्यापेक्षा जास्त संशय घेतात."

ते खरंच होतं. शेणगोमूत्राच्या टाकीचं झाकण उघडून नाना वास घेत आणि आमच्या तोंडाकडे पाहत. एकदा एक विक्रेता 'जैविक' औषधाची बाटली घेऊन आला. नाना म्हणाले, "जैविक शे ना? मंग तुना हात धू येमा." तो बाटली घेऊन जो गेला तो परत फिरकला नाही. गिऱ्हाइकांवरही त्यांचा विश्वास नव्हता, पण गिऱ्हाइकांनी आमच्यावर ठेवावा यासाठी त्यांनी एक रीत घालून दिली. पाटीत सगळ्यात वर किडकं वांगं ठेवायचं, आणि ते विकायचं नाही. "बठ्ठा चांगलाच माल दखाडा, तर लोके म्हनतीन, काहीतरी लपाडं." जळगावातल्या बायका ते वांगं उलटसुलट करून बघत, आणि मग खालची निवांत घेत.

एका गोष्टीवरून मात्र आमचं कायम बिनसलेलं. ते वाण नानांच्या घरचं होतं, फिकट हिरवं, कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या जाळावर भाजलं की लोण्यासारखं होणारं. दरवर्षी ते आम्हाला रोपं देत, बी कधीच देत नसत. आमच्या शेतात एकही फळ पिवळं होऊ द्यायचं नाही, असं वचन त्यांनी आमच्याकडून घेतलं होतं, कारण पिवळ्या पिकल्या फळातलंच बी धरता येतं. स्वतःच्या शेतात ते निवडक फळांच्या देठाला चिंधी बांधत, म्हणजे ती कुणी तोडत नसे. आमच्याकडे आले की आधी सरी-सरीतून पिवळं फळ शोधत फिरत. एकदा मी चिडून विचारलंच, "नाना, बी का देत नाही?"

"तुम्ही आज शेतस, सकाय पयी जाशात," ते म्हणाले. "मंग मन्हं बी मी कोठे धुंडू?"

आम्ही पळून जाऊ, ही त्यांची शंका. आम्हाला कायम मुठीत ठेवायचंय, ही माझी. अशा दोन संशयी माणसांची शेती शुभदाच्या चहावर चालली होती.

शेवटचे आले ते थंडी सरताना. शुभदाला म्हणाले, चहा ठेव. मला म्हणाले, मोटर दखी ये. दोघांनाही एकदमच लांब धाडलं, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. परतलो तर नाना बांधावर बसलेले आणि खांद्यावरच्या निळ्या काठाच्या रुमालाची कड फाटलेली. "हे काय?" मी विचारलं. "बाभूयना काटाले अडकना," ते म्हणाले आणि चहा बशीत ओतला. आमच्या शेतात बाभूळ नाही. म्हातारा काहीतरी करून आलाय एवढं कळलं, पण विचारायची सोय नव्हती. चार दिवसांनी फोन आला.

दिवसकार्य झाल्यावर मी नानांच्या बायकोला, अक्कांना, भीतभीत बियांचं विचारलं. "यंदा घर काहीच धरं नही त्यास्नी," त्या म्हणाल्या. मुलांनी नानांची वांगी उपटून केळीसाठी रान मोकळं केलं होतं. घरी येताना मला रडूही येईना, इतका राग आला होता नानांचा. स्वतः गेले ते गेले, वाणही घेऊन गेले. आता पुढच्या हंगामात रविवारी जळगावात काय नेणार होतो आम्ही?

दुसऱ्या दिवशी शुभदानं मधल्या दाट सरीतून हाक मारली. पानांखाली एक मोठं पिवळं वांगं लोंबत होतं आणि त्याच्या देठाला निळ्या काठाची चिंधी होती. पार दुसऱ्या कोपऱ्यात तशीच आणखी एक. एकाच फळावर विसंबतील तर ते नाना कसले! शुभदा मातीत बसून रडली. मी गाठ सोडायला गेलो, पण ती इतकी घट्ट होती की शेवटी देठच कापावा लागला.

बी धुऊन, राखेत घोळून सावलीत वाळवलंय. गेल्या आठवड्यात शिरपूरकडचं एक नवं जोडपं शिकायला आलं. त्यातल्या मुलीनं वांगी पाहिली आणि बी मागितलं.

"बी नाही," मी म्हणालो, "रोपं देईन."

आतून शुभदानं माझ्याकडे पाहिलं. फाटकातून जाताना मुलीनं वळून माझ्याकडे पाहिलं, याच्या मनात नक्की काय आहे, अशा नजरेनं. मोटरच्या खोलीत खिळ्याला त्या दोन्ही चिंध्या टांगल्या आहेत. मी आत गेलो, दार लावून घेतलं, आणि नाना गेल्यावर पहिल्यांदा पोटभर रडलो.