नानाजींची गळकी व्हॅन

नानाजी गाडी थांबवायचे, खाली उतरायचे आणि कुणालाही हाक मारण्याआधी एक घमेलं गाडीच्या पोटाखाली सरकवायचे. सकाळी आमच्या अंगणात सडा-रांगोळी झालेली असे आणि त्यांच्या जुन्या व्हॅनमधून गिअरचं काळं तेल टपटपत असे. आईने एकदा तेलाने काळी झालेली रांगोळी पुसून पुन्हा काढली, तेव्हापासून हे घमेलं गाडीत आलं. "आधी आंगन, मंग गाडी," असं ते म्हणत आणि मग आमच्याकडे वळत, "हं, बसा पोट्ट्याहो."

नानाजी आमच्या गावचे संत्र्यांचे बागायतदार. गाव छिंदवाडा जिल्ह्यातलं, मोहगावच्या अलीकडे, आणि आठवीनंतरची शाळा सौसरला. बस होती, पण ती शाळा सुटण्याआधीच परत फिरायची, त्यामुळे गावातल्या मुलींची शाळा आठवीला संपायची. नानाजी व्हॅनमधून संत्र्यांच्या पेट्या सौसरला नेत. ऐंशी सालानंतरच्या त्या वर्षांत एकदा ते आपण होऊन घरोघरी गेले आणि म्हणाले, "गाडी तं रोजच जाऊन राहिली. पोरी बसवा तिच्यात, पोचवीन अन् वापस आणीन." अशा आम्ही पाच जणी नववीत गेलो. मागे बारदानावर बसायचं, पेट्यांना टेकायचं. अंगाला संत्र्यांचा आणि तेलाचा वास यायचा. वर्गातल्या सौसरच्या मुली नाकं मुरडायच्या. मुरडोत बापड्या, आम्ही शाळेत होतो.

गाडीवर त्यांची माया अशी, की चढ आला की ते पुटपुटत, "चाल माय, चाल." त्यांची शेवटची बैलजोडी म्हातारी होऊन गेली, त्या वर्षी पोळ्याला गोठा रिकामा होता. शिंगांचा लाल रंग मात्र डब्यात उरला होता. नानाजींनी व्हॅन विहिरीवर नेऊन धुतली आणि ब्रश घेऊन बसले. चाकं रंगवली, बंपर रंगवला, गाडीखाली झोपून पोटही रंगवलं. ड्रायव्हरच्या सीटजवळचं पत्र्याचं झाकण उघडून आतल्या गिअरबॉक्सलाही रंगाचा हात दिला. मग गाडीला हार घातला आणि पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. गाव पोट धरून हसलं. नानाजी म्हणाले, "जो राबते, त्याचा पोळा." पुढच्या पोळ्याला त्यांनी पुन्हा तेच केलं, हात जरा सढळ ठेवून.

तेल गळायला लागलं ते आमच्या नववीतच. पांढुर्ण्याच्या मिस्त्रीने तेल अडवणारं रबरी सील बदललं. चार दिवस कोरडे गेले आणि पुन्हा टपटप सुरू. त्याने पॅकिंग बदललं, बोल्ट आवळले, दुसरं सील घातलं, तरी तेच. नानाजी खिशात कपडे धुण्याच्या साबणाची वडी ठेवू लागले. जिथे ओल दिसे तिथे साबण चोपडायचा आणि निघायचं. जामसांवलीच्या मारुतीलाही त्यांनी गाऱ्हाणं घातलं. नवीन तेल ओतत-ओतत आमची नववी निघाली.

दहावीच्या थंडीत एका संध्याकाळी परतताना तेल संपलं आणि गिअर जाम झाला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. नानाजींनी आपलं घोंगडं आम्हाला दिलं. शेवटी एका संत्र्याच्या ट्रकने आम्हाला गावात सोडलं, तेव्हा घरोघरी दिवे लागले होते आणि सगळ्यांचे वडील वेशीवर उभे होते. माझे बाबूजी मला घरी घेऊन आले. मग म्हणाले, "बस झालं. उद्यापासून घरीच राह्य." परीक्षा तोंडावर आली होती. मी जेवले नाही, आणि कुणी आग्रहही केला नाही.

नानाजी कुणाची समजूत काढायला आले नाहीत. त्यांनी गाडी ओढून बागेत आणली आणि तिच्याखाली शिरले. त्यांची बायको भाकरी तिथेच नेऊन द्यायची. आठवडाभर गाव त्यांचे पायच पाहत होतं.

मग एका दुपारी ते आमच्या अंगणात आले. हात कोपरापर्यंत काळे. बाबूजी खाटेवर बसले होते. नानाजी उभ्यानेच म्हणाले, "गाडीत खोट नव्हती. गलती माही आहे. गिअरबॉक्सच्या माथ्यावर हवा निघायले एक बारीक भोक राह्यते. पोळ्याले म्या थ्यावर रंग मारला, दोनदा. गरम झाली का हवेले वाट नाई, मंग थे तेलाले सीलातून बाहेर लोटे. आज गिअर सुटला, तेल भरून गाडी फिरवली अन् खिळ्यानं रंग खरवडला तं फुस्स करून हवा निघाली. बैलाच्या नाकपुड्यात रंग भरला तं बैल जगन का? लाडापायी मीनंच तिचा दम कोंडला."

नानाजी पुढच्या घरी गेले. पाचही अंगणांत त्यांनी हीच गोष्ट सांगितली, आणि कुठेही स्वतःला सावरून घेतलं नाही. मिस्त्रीवर ढकलणं किती सोपं होतं. त्या रात्री जेवताना बाबूजी आईला म्हणाले, "चुकी लपवणारा असता तं पोरगी पाठवली नसती." सकाळी माझं दप्तर त्यांनीच व्हॅनपर्यंत आणून दिलं.

आम्ही पाचही जणी दहावी झालो, पुढेही शिकलो. माझ्या आयुष्यात फार मोठी माणसं आली, पण स्वतःच्या हातून झालेली चूक इतक्या स्वच्छ आवाजात सांगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

नानाजी गेल्याचं कळलं तेव्हा कुणी नागपुरात होती, कुणी छिंदवाड्यात. सगळ्या पोचलो. अंत्ययात्रा वेशीपाशी आली तेव्हा रीतीप्रमाणे एक म्हातारे थांबले आणि म्हणाले, "बायांनी आता वापस फिरावं." बाबूजी खांदा देऊन पुढे चालत होते. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"येऊ द्या त्यायले," ते म्हणाले. "थ्या नानाजीच्या पोरी आहेत."

मग कुणी अडवलं नाही. आम्ही शेवटपर्यंत गेलो.