मागेपर्यंत थांबा

आमच्या गावात मदत मागत नाहीत. मूल नावाच्या मोठ्या गावापलीकडे, बैलगाडीनं गाठायचं असं ते गाव. अर्धं तलावावर जगायचं, अर्धं धानावर. कुणाचं जाळं गाळात अडकलं की जवळचा माणूस पाण्यात उतरतो. अडकलेल्याला तोंडानं मागावं लागलं, तर नाचक्की त्या जवळच्याची. "डोळे फुटले होते काय तुमचे?" असं बाया सरळ तोंडावर विचारतात. मी हीच रीत उराशी धरून नागपूरच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकायला गेलो आणि सपशेल तोंडावर आपटलो.

धानाची रोवणी आटपून निघालो, म्हणून वर्गात पोचायला उशीर झाला. तिथं आकडेमोडीची यंत्रं होती, लोखंडी, चांगली जडशीळ. आकडे लावायचे, मूठ गरागरा फिरवायची, की गुणाकार समोर हजर! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तर आ वासून पाहतच राहिलो. पण मागचं उत्तर पुसायला बाजूला एक खटका असतो, आणि तो मी येण्याआधीच सगळ्यांना दाखवून झाला होता. मला कोण सांगणार? मी आपला जुन्या उत्तरावरच नवं गणित फिरवत बसायचो.

आम्हा खेड्यातल्या पोरांवर लक्ष ठेवायला एक प्राध्यापक नेमलेले होते. माणूस भला, खोटं कशाला बोलू? सारखे सांगायचे, "अडलं तर माझ्या खोलीत या, दार उघडंच असतं." मी कधी गेलो नाही. उत्तरं भलतीच यायची, पण तोंडानं मागायचं कसं? ते स्वतःच माझ्या मेजाजवळून जायचे, यंत्राकडे पाहायचे, कधी घटकाभर थांबायचेही. मला वाटायचं, पाहतात आणि बोलत नाहीत, म्हणजे बरोबरच चाललं असणार.

सहामाहीत साफ नापास झालो. त्यांनी बोलावून घेतलं.

"तुझं सुरुवातीपासून चुकत होतं. विचारायला का आला नाहीस?"

मी हादरलोच. "तुमाले दिसत होतं?"

"दिसत होतं ना. वाटलं, आज येईल, उद्या येईल. स्वतः विचारल्याशिवाय मुलगा शिकत नाही रे."

काय सांगू, माझी कानशिलं तापली. दिसत होतं आणि हा माणूस उभा होता! आमच्याकडे अशा माणसाला पंगतीत शेजारी कोणी बसवून घेणार नाही. ट्रंक उचलली आणि गाव गाठलं. नापास झालास तर जाळं धर, असं बानं आधीच बजावलं होतं. मी जाळं धरलं.

बाला सगळं सांगितलं, तर त्याला पटेचना. "पाहून राह्यला होता अन् उभाच राह्यला?"

"त्याईच्यात मांगा लागते, बा."

"अन् मांगितलं तं देते?"

"देते."

त्यानं मान हलवली आणि जाळ्याच्या गाठी मारायला घेतल्या.

काही दिवसांनी आम्ही सगळे तलावावर असताना पाळीवर, वरच्या बांधावर, कोटबूट घातलेला माणूस उभा दिसला. प्राध्यापक! मूलहून चालत आले होते. "मुलाला परत पाठवा," वरूनच बाला ओरडले, "अजून वर्ष वाया गेलेलं नाही!" आणि बोलता बोलता जवळच्या वाटेनं खाली उतरले. धानाला पाणी सोडून तलाव उतरला होता. कडेची माती वरून सुकलेली दिसते, खाली नुसता गाळ. आम्ही ओरडेपर्यंत ते गुडघ्यापर्यंत आत गेले, पाय ओढायला लागले तसे मांडीपर्यंत रुतले.

सगळे धावले. बा आडवा झाला, दोन्ही हात पसरून.

"थांबा. तो मांगेपर्यंत थांबा. त्याईच्यात मांगा लागते."

मी थिजलो. हा माझा बा? दुसऱ्याच्या म्हशीसाठी भरल्या तलावात उडी घेणारा? कोणाला काही सुचेना. त्या गाळात माणूस बुडत नाही, हे आम्हाला ठाऊक, त्यांना नाही. ते घाबरेघुबरे होऊन आमच्याकडे पाहत होते. ओठ हलत होते. "निघतो, निघतो मी," एवढंच म्हणायचे आणि आणखी रुतायचे. अरे, एवढी माणसं हाताच्या अंतरावर आणि "हात द्या" म्हणायला जीभ उचलत नव्हती! यंत्रापुढे माझीही हीच गत झाली होती. मला पाहवेना.

शेवटी रडवेल्या आवाजात म्हणाले, "हात द्या हो कोणीतरी."

सर्वांत आधी बाच उतरला. त्यांना ओढून पाळीवर आणलं. एक बूट गाळातच गेला. बा त्यांच्या पायांवर पाणी ओतायला लागला, तेव्हा ते माझ्याकडे वळले. "तो खटका मीच दाखवायला हवा होता. चल परत. आता मी तुझ्या मेजाशी येईन."

"घेऊन जा त्याले," बा म्हणाला. "पण एक सांगा, मास्तर. मी आता जराक उभा राह्यलो, तं माहा जीव जाऊन राह्यला होता. तुमी इतके दिवस कसे पाहत राह्यले?"