माहेरच्या जेवणाचा हिशेब

मी पत्रकं वाचत वाढले. बाबा मोर्चाहून उरलेले गठ्ठे घरी आणायचे. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली आणि छापील बाजूवरून बोलायला शिकले. त्यामुळे ताईनं पोटगीचा अर्ज केला तेव्हा खर्चाचं प्रतिज्ञापत्र लिहायचं काम मी कोणाला न विचारता ओढून घेतलं.

ताई सात वर्षांच्या लेकीला घेऊन माहेरी आली त्याला वर्ष झालं होतं. भाऊजींनी एक रुपया पाठवला नव्हता. ताईच्या शिवणकामातून पोरीची फी निघत नव्हती, आणि महिनाअखेर भरली नाही तर शाळेतून नाव कटणार होतं.

मी सुरुवात केली, "मी भीक मागत नाही, हक्क मागते." मग रकाने. घरभाडं: नाही, वडिलांचं छप्पर आहे. किराणा: नाही, आईची चूल आहे. औषधं: नाही, अर्जदार खंबीर आहे.

वकीलबाईंनी वाचलं आणि चष्मा काढला. "हे तुम्ही लिहिलं की जावयाच्या वकिलानं?"

"म्हणजे?"

"खर्चच नाही तर पोटगी कशाची? हक्क आहेच हो. कोर्ट विचारणार, किती?"

आमच्या घरातल्या एकाही पत्रकात 'किती' नव्हतं.

संध्याकाळी वही घेऊन मी आईसमोर बसले. "ताईच्या जेवणाचे महिन्याला किती होतात?"

तव्यावरची पोळी करपली. "लेकीच्या घासाचा हिशेब मांडून राहिली का वं तू? मले नरकात पाठवतं का?"

ताई कणीक मळत होती. "आई, तू हिशेब लावत नाही म्हणून त्यायले द्यावं लागत नाही. तुह्या पुण्यावर त्यायची बचत होऊन राहिली."

आईनं करपलेली पोळी बाजूला टाकली. "तुहा नाही लावणार. पण नात त्यायच्या घरची. तिचा लिही." आणि सुटलीच. रोज दोन लिटर दूध. डझनभर केळी. पावशेर तूप.

"आई, पोर सात वर्षांची आहे!" मी म्हणाले.

"वाढतं वय आहे."

"शपथेवर द्यायचंय हे."

"मग तूप कमी कर."

शेवटी ताईनं वही ओढली. एक पेला दूध, वरण-भात, फी, आणि स्वतःचं दोन वेळचं जेवणसुद्धा. आई तेवढा वेळ भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

कोर्टाच्या समुपदेशकबाईंनी ताई-भाऊजींना समोरासमोर बसवलं. मला दाराजवळची खुर्ची मिळाली. भाऊजी कळमन्याच्या बाजारातले संत्र्यांचे अडते. भाव पाडल्याशिवाय ते चपलाही घेत नाहीत. त्यांनी यादीवर बोट ठेवलं. "खोटं आहे, मॅडम. माही पोरगी दूध पीतच नाही."

"आता पिते," ताई म्हणाली.

"कवापासून?"

"दिवाळीपासून. समोरचे दात पडले, चावता येईना."

भाऊजींचं बोट तिथंच राहिलं. "दोन्ही पडले?"

"दोन्ही. नवे आले पण."

माझं भाषण तयार होतं, चांगलं तीन पानी. पण भाऊजींनी आकड्याला हातच लावला नाही. "लिहा मॅडम, आहे तेवढं. सवडीनं देत जाईन."

"सवडीनं नाही," ताई म्हणाली. "दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत. आणि फी याच आठवड्यात."

समुपदेशकबाईंनी ओळ खोडून नवी लिहिली. भाऊजींनी सही केली. ताईनं कागद दोनदा वाचला, मग आपली केली.