मॅडमचं बोट

माणसांना बोलायला शिकवण्याचा पगार घेऊन आयुष्यभर गप्प बसायला शिकवणारी बाई अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकच झाली, आणि ती नेमकी आमच्या वाट्याला आली. स्पीच थेरपीच्या पदवीला मी ठाण्यात प्रवेश घेतला, तेव्हा पहिल्या वर्षाचं क्लिनिक ह्या मॅडमकडे होतं. ज्यांची वाचा गेली, अडली किंवा आलीच नाही, अशी माणसं तिथे येत आणि आम्ही पोरी त्यांच्याशी कसं वागायचं ते शिकत असू. सुती साडी, खाली पांढरे स्पोर्ट्स शूज आणि खांद्याला एक झोळी, असा मॅडमचा बारमाही अवतार. झोळीत साबणाच्या फुग्यांच्या बाटल्या, शिट्ट्या, स्ट्रॉ, एक मोरपीस आणि वर्गात दाखवायचा प्लास्टरचा जबडा, आत गुलाबी रबरी जिभेसकट. एकदा वागळे इस्टेटच्या वळणावर शेअर रिक्षात हा जबडा झोळीतून निसटून शेजारच्या गृहस्थाच्या मांडीवर पडला. गृहस्थ पुढच्या सिग्नललाच उतरून गेले. "कमाल आहे गं," मॅडम आम्हाला सांगत होत्या, "अशीच जीभ घेऊन हा माणूस जन्मभर हिंडतोय, आणि बाहेर दिसल्याबरोबर उतरला!"

ऐकणं हे मॅडमचं व्यसनच होतं. लग्नाला गेल्या की नवरानवरी कशी दिसतात ह्यापेक्षा भटजींचा 'ळ' कसा आहे ह्यावर त्यांचा आहेर अवलंबून, असं आम्ही म्हणायचो. एकदा भाजीबाजारात एक पेरूवाला नाकात बोलतो असं त्यांच्या ध्यानात आलं. झालं! झोळीतून छोटा आरसा निघाला आणि थेट त्याच्या नाकाखाली गेला. बोलताना नाकातून हवा सुटते का, ते आरशावरच्या वाफेवरून कळतं, हे आम्हाला माहीत होतं. पेरूवाल्याला कसं असणार? "म्हणा, पपई," मॅडम म्हणाल्या. "पपई नाय ओ माझ्याकडं, पेरूच आहेत," तो काकुळतीने म्हणाला. मॅडमनी आरसा बघितला, मान हलवली, त्याला क्लिनिकची वेळ सांगितली आणि स्वतः पेरू खात नसूनही पेरूंची पिशवी भरून घेतली. कर्ज विकणाऱ्यांचे फोन तर त्या शेवटपर्यंत ऐकत. एकदा एक मुलगी बोलता बोलता मध्येच गडबडली, कारण त्या भाषणाच्या इतक्या पुढे तिला आजवर कोणी जाऊच दिलं नव्हतं. मॅडमनी तिलाही वेळ दिला.

ह्या सगळ्याच्या मुळाशी त्यांचं बोट होतं. समोरच्याचं वाक्य अर्धं असताना कोणी तोंड घातलं की मॅडमची उजवी तर्जनी ताठ वर जाई. ओरडणं नाही, डोळे वटारणं नाही, नुसतं बोट. कॉलेजच्या मोठ्या सरांनाही ते बोट चुकलं नव्हतं. क्लिनिकमध्ये लहान मुलाला "बोल ना बाळा, बोल" म्हणायची तर सक्त बंदी. जी म्हणेल तिने उरलेला दिवस बालवाडीच्या चिमुकल्या खुर्चीत बसून काढायचा. त्या खुर्चीवर पहिल्या सहामाहीत माझी जवळजवळ मालकी होती. मी ठाकुर्लीची, तोंडाने तिखट आणि घाईची. समोरच्याला काय म्हणायचंय ते मला त्याच्या आधी कळतं, ह्याचा मला कोण अभिमान!

त्या अभिमानाची परीक्षा दिवा गावाहून येणाऱ्या एका काकांनी घेतली. अर्धांगाचा झटका येऊन त्यांचे शब्द हरवले होते, आणि तो माझा पहिला पेशंट. काका म्हणाले, "प..." आणि थांबले. मी लगेच सरसावले. "पाणी? पंखा? पेपर? पाणीच ना काका?" काका माझ्याकडे बघत राहिले आणि मग दमून त्यांनी मान डोलावली. मी पाणी दिलं. ते प्याले. पुन्हा "प..." म्हणाले, मी पुन्हा पाणी दिलं. भला माणूस, तेही प्याले. वळून बघते तर दारात मॅडम, आणि बोट वर. "अगं, तो माणूस तुझ्यासाठी पाणी पितोय," त्या म्हणाल्या. "थांबता येईपर्यंत तुला पेशंट नाही." वर्गातल्या सगळ्या पोरींना पेशंट मिळाले आणि मी कोपऱ्यात बसून फुग्यांच्या बाटल्यांत साबणाचं पाणी भरू लागले. वर्षअखेरीपर्यंत हे असंच चाललं तर पहिलं वर्ष पुन्हा करावं लागणार होतं. आमच्या घरातली कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि माझ्यासाठी बाबा वागळेच्या वर्कशॉपमध्ये ओव्हरटाइम करत होते. घरी मी काही सांगितलं नाही, पण जेवण जाईना.

त्यातच आमचा तो सुप्रसिद्ध गृहपाठ आला. पहिल्या वर्षाच्या प्रत्येकीने बाजारात जाऊन अनोळखी माणसाशी मुद्दाम अडखळत बोलायचं, म्हणजे अडखळणाऱ्याला दिवसभर काय सोसावं लागतं ते अंगावर कळतं. पोरी रडकुंडीला आल्या. कोणी हसली, कोणी पळाली. मी मात्र स्टेशनजवळच्या दुकानात जाऊन 'कपड्याचा साबण' असा अडखळत मागितला की दुकानदाराने मान खाली घातली. मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या. पलीकडे केळी घेण्याचं नाटक करत उभ्या असलेल्या मॅडम माझ्या हातांकडे बघत होत्या. परतताना हळूच म्हणाल्या, "डोळे मिटणं, मांडीवर हात आपटणं, हे मी वर्गात शिकवलं नव्हतं. घरी कोण आहे?"

मी भर रस्त्यात रडायला लागले. घरी बाबा होते. बाबा पहिल्यापासून अडखळतात. बुद्धवंदना म्हणताना एक अक्षर अडत नाही, आणि 'कांदे आणू का' म्हणायला घाम फुटतो. पण त्यांना त्रास कशाला, म्हणून त्यांची वाक्यं आई पुरी करायची, आईला वेळ नसला की मी. आमच्या घरात ह्याला प्रेम म्हणायचे, आणि ते होतंही. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, मी हुंदके पुरे करेपर्यंत वाट पाहिली आणि म्हणाल्या, "रविवारी मला चहाला बोलव."

रविवारी त्या झोळीसकट आल्या. आईने शिरा केला होता. मॅडमनी दोनदा मागून खाल्ला आणि बशी खाली ठेवून बाबांना विचारलं, "दादा, हिचं प्रज्ञा हे नाव कोणी ठेवलं?"

"ह्यांनीच हो," आई म्हणाली, "ह्यांना ना..."

बोट वर गेलं. आई आयुष्यात पहिल्यांदा वाक्य अर्धं टाकून गप्प बसली. बाबांनी डोळे मिटले. "म... म... मीच," ते म्हणाले. मग थांबले. माझ्या जिभेवर पुढचं वाक्य तयार होतं, ते मी दातांनी धरून ठेवलं. खाली कुकरच्या शिट्ट्या झाल्या, शेजारची बादली भरून वाहिली, तरी मॅडम अशा बसल्या होत्या की जणू बाबा अखंड बोलतच आहेत. आणि खरंच, हळूहळू बाबा बोलायला लागले.

माझा जन्म झाल्यावर नाव सांगायला ते जन्मनोंदणीच्या खिडकीशी गेले होते. तोंडातून नुसतं "प्र... प्र..." निघे, पुढचं अक्षर काही येईना. मागे रांग. आतला माणूस वैतागला, "प्रमिला? प्रतिभा?" रांगेतलेही मदतीला धावले. कोणीतरी म्हणालं, "प्रिया लिहा हो, छान आहे!" मान हलवली असती की सुटका होती. बाबांनी मान हलवली नाही. ते उभे राहिले, लोक ओरडले तरी उभे राहिले, आणि शेवटी नाव सांगूनच खिडकीवरून हलले.

"अहो, मग लिहून द्यायचं ना!" आईच्या तोंडून निघालंच.

"त... तिचं नाव," बाबा म्हणाले, "प... पहिल्यांदा मला त... तोंडाने घ्यायचं होतं."

एवढी वर्षं ही गोष्ट त्यांच्यापाशी होती. पण ते "प्र..." म्हणाले की आम्ही दोघी "प्रज्ञा ना? ही काय!" म्हणून हजर. घरात ते मला 'माऊ' म्हणत, ते लाडाने असं मी समजत होते. त्या दिवशी मॅडम निघाल्या तेव्हा बाबा दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "प्र... प्र... प्रज्ञा, ब... बाईंना स्टेशनला सोड." मी चपला घालायच्या निमित्ताने बराच वेळ खाली वाकून राहिले.

सोमवारी मॅडमनी दिव्याच्या काकांची खुर्ची माझ्यासमोर आणून ठेवली. काका म्हणाले, "प..." आणि सवयीने पाण्याच्या ग्लासाकडे धास्तावून बघू लागले. मी हात मांडीखाली दाबले आणि थांबले. खूप थांबले. "पत्ते," काका म्हणाले. त्यांना इतके दिवस पत्ते खेळायचे होते! मॅडमच्या झोळीत जबड्याखाली पत्त्यांचा एक कॅट निघाला. काकांनी मला सलग तीन डावांत हरवलं, आणि मी पहिलं वर्ष पास झाले.

आता मी कल्याणला प्रॅक्टिस करते. मॅडम निवृत्त होऊन बहिणीकडे नाशिकला राहतात. मी थांबायला शिकले ती त्यांच्यामुळे, आणि माझं नाव मला माझ्या बापाच्या तोंडून मिळालं तेही त्यांच्यामुळेच. हे ऋण मी जमेल तिथे बोलून दाखवते, त्या ऐकून घेतात. हल्ली वयामुळे त्यांनाच मधूनच एखादा शब्द सापडत नाही. परवा फोन आला तेव्हा आई, बाबा आणि मी चहाला बसलो होतो, म्हणून मी स्पीकर लावला. "अगं, तुझ्या आईच्या हातचं ते," मॅडम म्हणाल्या, "त्या रविवारी मी दोनदा मागून घेतलं होतं... ते गोड... ते गं..." आणि त्या थांबल्या. शब्द आम्हा तिघांनाही माहीत होता. आईने तोंड उघडलं.

बाबांनी कप खाली ठेवला आणि उजव्या हाताचं बोट वर केलं. आईने तोंड मिटलं, मीही. फोनमध्ये नाशिकचा पंखा फिरत होता, आणि आम्ही तिघं मॅडमसाठी थांबून राहिलो.