पितृपंधरवड्यातलं वऱ्हाड

माझ्या लग्नाचं वऱ्हाड दोनदा निघालं. त्यातलं पहिलं जाहिरातीसाठी होतं.

तेव्हा आमची एकच सतरा सीटर होती. बारामतीजवळ जळोचीला घरासमोर उभी असायची. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पंचक्रोशीतली निम्मी वऱ्हाडं त्या गाडीतून वाहिलेली. पण घरोघरी चारचाकी आल्या आणि आमच्या गाडीला भाडं मिळेना. मग मी (शिकलेला ना!) लग्नाचे व्हिडिओ टाकणाऱ्या ब्लॉगर मंडळींना मेसेज धाडले. वऱ्हाड, देवदर्शन, हनिमून, सगळं आमच्याकडे मिळेल! सगळ्यांनी मेसेज वाचला आणि सोडून दिला. पुण्याची रेवा तेवढी म्हणाली, "येते. मला खरं वऱ्हाड दाखवा. पण पुढच्याच आठवड्यात, तेव्हा माझ्याकडे एकही लग्न नाही."

तिच्याकडे एकही लग्न का नव्हतं, हा प्रश्न मला पडला नाही. आबांना पडला.

"आरं, पितृपंधरवडा हाय! ह्या दिवसांत कोण लगीन करतंय?"

"मग खोटं काढू, आबा. खोट्या वऱ्हाडाला कसला मुहूर्त?"

"अन् मुंडावळ्या कोण बांधणार?"

"मी!"

इथं एक सांगायला हवं. वरकुट्याच्या वैशालीशी माझ्या लग्नाची बोलणी चालली होती. बघायला गेलो तेव्हा पोहे संपेपर्यंत मी तिला सहलींचे दर ऐकवले. ती शांतपणे म्हणाली, "तुमच्या गाडीला ब्रेक हाय, तोंडाला न्हाय का?" त्या क्षणी मी तिच्या प्रेमात पडलो. तिचे वडील दिनकरतात्या म्हणाले होते, पितृपंधरवडा सरला की होकार-नकार कळवू. म्हणजे मी फक्त गप्प बसायचं होतं. तेवढंच मला आयुष्यात कधी जमलेलं नाही.

ठरल्या दिवशी वऱ्हाड निघालं. पुढच्या सीटवर नाकात नथ घालून कलाआत्या. मागे एमआयडीसीतल्या डेअरीत रात्रपाळी करून आलेले माझे मित्र, डोक्याला फेटे बांधून घोरत होते. स्पीकरवर सनई. रेवा कॅमेरा घेऊन दारात उभी.

"काका, हायवे नको. खरं गाव हवं. पार, झाडं, माणसं!"

आबांनी खुशीत इंदापूरच्या रस्त्यावरून गाडी आत वळवली. मला मुंडावळ्यांमुळे धड दिसत नव्हतं. गाडी थांबली, मी ऐटीत खाली उतरलो, मुंडावळ्या बाजूला सारल्या आणि बघतो तर समोर वैशालीचं गाव. वरकुटे!

"आबा! हितं कुठं आणलं?"

"तुझ्यापायी दोनदा आलोय की हितं! ह्योच रस्ता ध्यानात ऱ्हायलाय."

पारावरची मंडळी उठून उभी राहिली. एक म्हातारबाबा पुढे झाले. "कुणाकडं आलंय वऱ्हाड?"

"कुणाकडं न्हाय! नुसतंच आलोय!" (मुंडावळ्या बांधून नुसतंच कोण येतं?)

बिनपत्त्याचं वऱ्हाड कलाआत्याला सहन होईना. तिनं खिडकीतून ठणकावलं, "दिनकरतात्यांच्यात!"

पारावरची मंडळी एकमेकांकडे बघू लागली. मग म्हातारबाबांनी आवाज खाली आणून विचारलं, "पितृपंधरवड्यात? एवढी कसली घाई झाली, बाई?"

गावात या प्रश्नाचं एकच उत्तर धरतात, आणि ते मोठ्यानं बोलत नाहीत. माझ्या हौसेचा डाग वैशालीला लागणार होता. तोवर दोघी बायका नवरदेवावरून ओवाळून टाकायला भाकरतुकडा घेऊन आल्यासुद्धा. रेवा आनंदानं वेडी झाली. "किती ऑथेंटिक! पुन्हा एकदा ओवाळा ना!"

तेवढ्यात बनियनवर दिनकरतात्या धावत आले. त्या दिवशी त्यांच्या वडिलांचं श्राद्ध होतं!

"पत्र्यावर पान ठिवून कावळ्याची वाट बघत हुतो, अन् आला कोण, तर ह्यो!"

"तात्या, समदं खोटं हाय! जाहिरात हाय!"

"कशाची? माझ्या पोरीची?"

आबा गाडीतून उतरले. डोक्यावरची टोपी काढून साऱ्या गावासमोर उभे राहिले.

"तात्या, पोरगं येडं हाय, पण वाईट न्हाय. घाई कुणालाच न्हवती. गाडीला भाडं न्हवतं, म्हणून ह्यो नवरदेव झाला. पोरीला कुणी काय बोलू नका. बोलायचं त्ये मला बोला."

इतकी लाज मला कधी वाटली नव्हती, आणि आबांवर इतकी मायाही कधी दाटून आली नव्हती. म्हातारबाबांना मात्र हसू फुटलं. "भाडं न्हाय म्हनून नवरदेव!" ते पुन्हा पुन्हा म्हणायला लागले आणि सगळा पार खदखदू लागला. बायकांच्या घोळक्यातून वैशाली पुढे आली. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"तात्या, येशीत आलेला नवरदेव उपाशी धाडत्यात व्हय? जेवू घाला की समद्यास्नी."

श्राद्धाच्या खीर-वड्यांवर जेवलेलं वऱ्हाड बहुधा आमचंच. मित्र तेवढ्यापुरते जागे झाले. रेवाचा व्हिडिओ भरपूर चालला, पण त्यात आमची गाडी कुठंच नाही. लोक फोन करून कलाआत्याची चौकशी करायचे. आता आत्या नाही, आणि आबांच्या डोळ्यांमुळे त्यांचं गाडी चालवणं बंद झालंय. तो व्हिडिओ लावला की टोपी हातात धरलेले आबा दिसतात. आबा शेजारी बसून म्हणतात, "रस्ता बराबर धरला हुता का न्हाय?"

धरला होता. तात्यांनी होकार कळवला, पण एका अटीवर. "धंदा खुशाल करा. पण जाहिरातीचं पोरगी बघंल, जावयानं त्यात तोंड घालायचं न्हाय."

तेव्हापासून ब्लॉगर मंडळींशी वैशाली बोलते. आज आमच्या चार गाड्या आहेत, आणि चारही मी धुतो.