चंद्रभानची एकच आत्या

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. लकडगंजातल्या दोन खोल्यांच्या घरात शामला पोळ्या लाटत होती आणि सासूबाई भीमाबाई मेथी निवडत होत्या. नवरा चंद्रभान नुकताच डबा घेऊन कामावर गेला होता. दार वाजलं तशा भीमाबाई म्हणाल्या, "विसरला वाटते काही. डोकं ठिकाणावर राहते कुठं त्याचं!"

दारात होते आनंदराव सर. इंजिनीअरिंग कॉलेजात शामला त्यांच्याच हाताखाली पीएचडी करत होती.

"शामलाबाई, पंचाईत झाली. आज विभागाची बैठक आहे. तुमचा कंप्युटरचा वेळ परीक्षेच्या निकालाच्या कामाला देऊन टाकायचं चाललंय. म्हणतात, जे घरच्या माणसांवरच चुकतं ते काय कामाचं?"

कॉलेजात कंप्युटर एकच. तो वेळ गेला की शामलाचं काम तिथंच थांबणार.

तिचं काम होतं प्रश्नांच्या बीजगणिताचं. शाळेत आपण आकड्यांची बेरीज-वजाबाकी करतो, तशा इथे साठवलेल्या माहितीवर करायच्या क्रिया: निवडा, जोडा, एकत्र करा. सोबतीला नियम. 'वडिलांची बहीण ती आत्या' हे एकदा सांगून ठेवलं की कोणाची आत्या कोण, ते कंप्युटर आपणहून शोधतो. चाचणीसाठी तिनं सासरचाच गोतावळा घातला होता. थोडी माहिती सासूबाईंकडून घेतली, थोडी कामठीच्या नातेवाइकांकडून.

सरांनी छापील कागद उलगडून वाचला. "चंद्रभानच्या आत्या दोन. सुभद्रा आणि जया. आणि मुलं दोघींची तीच!"

"बाप्पा!" भीमाबाईंच्या हातातली मेथी खाली पडली. "मले एकच नणंद पुरून उरली. तू अजून एक कुठून आणली वं?"

"मी नाही आणली, आई. कामठीवाल्यांनी जया सांगितली."

"अवं, सुभद्राच ते! लग्नात नाव बदललं तिचं. सासरचे जया म्हणतेत. दोन राहिल्या असत्या तं मी या घरात टिकली असती का?"

सर हसले. शामला मात्र लाटणं धरून तशीच उभी राहिली. लग्नाआधी ती स्वतः गोपिका होती. ताटातल्या तांदळांवर अंगठीनं 'शामला' लिहिलं गेलं, पण गणित सोडवत बसणारी पोर तीच राहिली होती. आणि तिनंच नावावरून माणूस ओळखायचं ठरवलं होतं!

"सर, नियम बरोबर आहे. एकत्र करताना मी नावं ताडून पाहते, तिथं फसलं. माणसाला आतून एक खूण द्यायची, ती कधीच बदलायची नाही. नाव, आडनाव, गाव हे सगळं वरचं. लग्नात नवं माणूस तयार करायचं नाही, आहे त्याचंच नाव बदलायचं."

"मग जोडण्याची क्रियाही बदलेल."

"सगळ्याच बदलतील. बदलू द्या."

"जा वं तू," भीमाबाई उठल्या. "पोळ्यांचं मी पाहतो."

बैठकीत सरांनी संध्याकाळपर्यंत मुदत मागून घेतली. शामला कंप्युटरपुढून जेवायलाही उठली नाही. शेवटी विभागप्रमुख चंपतराव स्वतः येऊन तिच्या खुर्चीमागे उभे राहिले. पडद्यावर आत्या एकच आली. सुभद्रा विचारली काय नि जया विचारली काय, तीच बाई, तीच लेकरं.

"आणि पुन्हा नाव बदललं तर?" चंपतरावांनी डाव टाकला.

शामलानं त्यांच्यादेखतच बाईचं तिसरं नाव ठेवलं. बाई जागची हलली नाही. एकूण एक नाती जिथल्या तिथं.

चंपतराव पडद्याकडून वळले. मग आनंदराव सरांना म्हणाले, "असं काम आपल्या विभागात होऊन राहिलं, अन् मी निकाल छापत बसलो असतो!" सरांची छाती अशी फुगली होती, जणू आत्या त्यांचीच होती.

"वेळ तुमचाच राहील, शामलाबाई," चंपतराव म्हणाले. "आणखी काही हवं?"

"हो सर," ती ताठ उभी राहून म्हणाली. "मला सकाळऐवजी दुपारची वेळ द्या. सकाळी आमच्याकडे नळ येतो."